बाहेर चाललेला पक्ष

संसदेत सगळे त्यांना खुणाताई म्हणत. सभागृहाला लागून असलेल्या कपाटाएवढ्या खोलीत त्या काळे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत आणि आत चाललेली भाषणं हातांच्या खुणांनी सांगत. टीव्हीच्या कोपऱ्यातल्या छोट्याशा गोलात त्या दिसत. हे शिक्षण काही त्यांनी वर्गात बसून घेतलं नव्हतं. थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याच्याशी भांडता यावं म्हणून त्या तीन वर्षांच्या असतानाच खुणा शिकल्या. दादा आता पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता, आणि दिवसभरात ताईंची एखादी खूण चुकली की संध्याकाळी घरी तो त्यांची बिनपाण्याची हजामत करी.

देशात मोठे पक्ष दोन. त्यांची लांबलचक नावं अक्षर-अक्षर करून दाखवायची, तर तोवर मंत्री बोलून खाली बसत. म्हणून कर्णबधिर मंडळींनी फार पूर्वीच त्यांना आटोपशीर नावं दिली होती. एका पक्षाचे लोक ऊठसूट बाकं बडवत, तर त्यांची खूण तळहातावर मूठ आपटणं. दुसरे रुसून सभात्याग करत, तर त्यांची खूण तळहातावरून दोन बोटं चालवत बाहेर नेणं. अकरा वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

मग निवडणूक झाली आणि दोन बोटांचा पक्ष सत्तेवर आला. त्यांच्या चिटणिसांच्या सुनेला थोड्याफार खुणा येत. टीव्ही बघता बघता तिने सहज अर्थ सांगितला आणि चिटणीस उखडले. "अहो, आत्ता कुठे आत आलोय, आणि ही बाई आम्हाला रोज बाहेर काढतेय!"

हे बाकवाल्यांच्या चिटणिसांच्या कानावर गेलं. त्यांनी आपली खूण पाहिली, त्यांचंही पित्त खवळलं. दोघांनी मिळून संसदेच्या सचिवांकडे तक्रार धाडली. दोन्ही पक्षांच्या सह्या असलेला हा कित्येक वर्षांतला पहिलाच कागद.

ताईंची झोप उडाली. नोकरी गेली, असं धरूनच त्या चालल्या होत्या.

"मी येतो," दादाने हातांनी बजावलं. "खुणा आमच्या आहेत. तू नुसती निरोप पोचवणारी."

सचिवांच्या खोलीत बसल्या बसल्या बाकवाले चिटणीस कडाडले, "तुम्ही लोक आम्हाला नावं ठेवता!"

ताईंनी ते दादाला सांगितलं. मग त्याचं उत्तर बोलून दाखवलं. "दादा म्हणतो, नावं नाही ठेवली. एकच ठेवलंय."

सचिवांनी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला.

सत्तेतले चिटणीस तयारीनिशी आले होते. त्यांनी हात डोक्यावर नेऊन पाचही बोटं फुलवली. "ही घ्या. प्रकाशाची खूण! शोभेल आम्हाला."

दादा खो खो हसत सुटला. "साहेब," ताई कशाबशा म्हणाल्या, "ही शॉवरची खूण आहे. आंघोळीच्या."

बाकवाल्यांनी मग छातीवर हात फिरवून जनतेवरचं प्रेम दाखवलं. त्याचा अर्थ जळजळतंय असा निघाला. आता मात्र दोघे चिटणीस एकमेकांकडे बघून हसले.

"स्वतःचं नाव स्वतः ठेवता येत नाही," दादाने समजावलं. "मला आमच्या कर्णबधिरांच्या मंडळात डिंकाची बोटं म्हणतात. मी केली का तक्रार?" तरी त्याने मंडळात मतं घ्यायचं कबूल केलं.

रविवारी मतदान झालं. बदलाच्या बाजूने एकही हात वर आला नाही. दोघं तटस्थ राहिले, कारण त्यांच्या हातात चहाचे कप होते. चिटणिसांनी निकाल मुकाट मानला. हरण्याची सवय तशी दोघांनाही होती.

ताईंचा जीव भांड्यात पडला. पुढच्याच आठवड्यात एक सडपातळ खासदार बिचकत त्यांच्या खोलीत आले. त्यांच्या पक्षाचे संसदेत मोजून चार जण.

"आम्हाला अजून अक्षर-अक्षर करूनच दाखवता ना?" ते म्हणाले. "आमचंही ठेवा की एखादं नाव. नावं ठेवलीत तरी चालेल."

ताईंना न्यायला आलेल्या दादाने त्यांच्याकरवी विचारलं, "सभागृहात तुम्ही काय करता?"

खासदार विचारात पडले. "बोलायला हात वर करतो. मग तो वरच राहतो."

मंडळाने खूण एकमताने मंजूर केली: कोपर टेकलेलं, बोट वर. दुसऱ्या दिवशी ते चौघेही सभागृहाच्या दाराशी उभे राहून ती गिरवत होते. इतके रंगले, की घंटा वाजून गेली तरी आत जायचं राहून गेलं.