मावशींच्या पदराच्या गाठी

सोलापुरात निवडून आलेली माणसं पुष्कळ झाली असतील, पण निवडून येऊनही जिचं काही म्हणजे काही बिघडलं नाही अशी एकच व्यक्ती मी उभ्या आयुष्यात पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या समोर राहणाऱ्या भाकरीवाल्या मावशी. माहेर मंगळवेढ्याचं, त्यामुळे ज्वारीची पारख अशी की मूठभर दाणे हातात घेऊन त्या शेताची माती सांगतील. पाच वर्षं त्या आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका होत्या आणि पाचही वर्षं त्यांच्या दारात कडक भाकऱ्या वाळत होत्या. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षाच्या साहेबांनी अंदाज बांधला, हिची भाकरी घरोघर जाते, तर मतंही घरोघरून येतील. शिवाय विधवा बाई, साधी, सांगू तिथं मुकाट्यानं हात वर करील. माणसं ओळखण्यात साहेब इतके कधी चुकले नसतील. प्रचाराचा फोटो काढायला आलेला म्हणाला, "मावशी, जरा हात जोडा." मावशी म्हणाल्या, "हात पिठात हायत. असंच काढ की." आणि खरोखरच चौकाचौकात कोपरापर्यंत पीठ लागलेल्या मावशींचे फलक झळकले. लोकांनी आधी ती भाकरीची जाहिरात समजून वाचली आणि मग मत दिलं.

नगरसेविका झाल्यावर त्यांनी कार्यालय वगैरे थाटलं नाही. ज्याला गाऱ्हाणं सांगायचं असेल त्यानं चुलीजवळ यावं, पाटावर बसावं आणि तव्यावरची एक भाकरी होईपर्यंत सांगून मोकळं व्हावं, अशी शिस्त होती. पक्षाचा एक कार्यकर्ता एकदा प्रस्तावनेतच अडकला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं अजून रामराम चाललंय, आन् हितं भाकरी करपाय लागली." ऐकलेलं त्या लिहून ठेवत नसत. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, लिहिता येत होतं, पण लिहिण्यावर भरवसा नव्हता. "लिवलं की मानूस निवांत झोपतंय. गाठ कशी, बसता-उठता टोचती," असं म्हणून त्या इरकली लुगड्याच्या पदराला एकेका गाऱ्हाण्याची गाठ मारत. नळाची गाठ साधी, गटाराची दुहेरी, रस्त्यावरच्या दिव्याची अगदी टोकाला. काम झालं की ज्याची गाठ त्याच्यादेखत सोडायची. महापालिकेची सभा जवळ आली की तो पदर द्राक्षाच्या घडासारखा लोंबायला लागायचा.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि समोरच राहतो, हे माझे दोन गुन्हे. पहिल्याच अर्जात मी 'प्रभागातील जनतेची होणारी प्रचंड गैरसोय' असं झोकात लिहिलं. मावशींनी वाचून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, ही जनता कुटं राहती?" मी म्हणालो, "मावशी, जनता म्हणजे आपण सगळे." "मग सगळ्यांची नावं लिवा की. जिचं दार मला ठावं न्हाय तिच्यासाठी मी भांडू कशी?" झालं! त्यानंतर पाच वर्षांत तो शब्द मला एकदाही वापरता आला नाही. मनातून मी फार चिडायचो. एवढी भाषा शिकून शेवटी लग्नाच्या याद्या कराव्यात तशा मी गल्लीच्या याद्या करत बसलो होतो.

तर त्या वर्षी पेच पाण्याचा होता. नळ पाचव्या दिवशी येतो याबद्दल सोलापूरकर तक्रार करत नाही, ती आता अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. पण गल्लीतला जो तो येऊन सांगायचा, पाण्याला जोर नाही. मावशींच्या पदराला चौदा गाठी झाल्या आणि मी मोठ्या पाइपसाठी नावांनिशी अर्ज तयार केला. सभेला दोन दिवस उरले असताना त्यांच्या सुनेला माया दाटून आली. सासूबाई चुरगळलेल्या लुगड्यात सभेला जायला नकोत म्हणून त्या बापडीनं चौदाच्या चौदा गाठी सोडल्या, लुगडं धुतलं आणि त्याला अशी कडक खळ घातली की ते आपणहून उभं राहिलं असतं. मावशींनी तो सपाट पदर हातात धरला आणि मटकन खाली बसल्या. मी धीर दिला, "मावशी, अर्जात सगळी नावं आहेत." तर म्हणतात, "कागदाला ठावं असंल. मला न्हाय." आणि त्या खळीच्या लुगड्यात कडकड आवाज करत दारोदार निघाल्या. मी यादी घेऊन मागे. प्रत्येक दारात एकच वाक्य, "मी विसरले बाई. परत सांग." आणि ऐकून झालं की तिथंच पदराला नवी गाठ.

निवडून आलेलं माणूस 'विसरलो' म्हणतं, हे गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. नरसम्मा म्हणून विड्या वळणारी एक बाई आहे. अर्जात तिच्या नावापुढे 'पाण्यास जोर नाही' असं माझ्या सुवाच्य अक्षरात होतं. ती विड्यांचं सूप बाजूला सारून म्हणाली, "मावशी, जोराचं काय न्हाय. नळ येतो अकराला. मी तवा कारखान्यात विड्या द्यायला रांगेत असते. पाणी सासू भरते. मागच्या पाण्याला हंड्यासकट पडली ती. सुनेनं म्हातारीला जुंपलं म्हणतील, म्हणून बोलले न्हाय." मग पुढच्या दारातही तेच निघालं, त्याच्या पुढेही. अकराला घरात हात-पाय धड असलेलं कुणी नसतं. आम्ही मोठा पाइप मागून आणला असता आणि म्हाताऱ्या आणखी जोरात घसरल्या असत्या. परतताना मावशी म्हणाल्या, "गुरुजी, पैल्यांदा मानूस पुढाऱ्याला सांगतंय. दुसऱ्यांदा शेजाऱ्याला सांगतंय." तेव्हापासून प्रत्येक गाऱ्हाणं दोनदा ऐकायचा त्यांनी नियमच केला, आणि दुसऱ्यांदा ऐकताना बेधडक विसरल्याचं सोंग करू लागल्या.

सभेच्या सकाळी साहेबांचा माणूस आला. पाण्याच्या वेळा आपल्याच पक्षानं ठरवल्यात, बोललात तर पुढचं तिकीट विसरा, असा निरोप होता. मावशी म्हणाल्या, "तिकीट त्यांचं हाय. गाठ नरसम्माची हाय." सभागृहात मी वर प्रेक्षकांत बसलो होतो. मावशी उठल्या, पदर पुढं घेतला आणि एकेक गाठ चिमटीत धरून एकेका दाराची हकीकत सांगू लागल्या. पहिल्या तीन गाठींना लोक हसले. पाचवीला बसा-बसा झालं, घंटी वाजली. "भाकरी तव्यावर हाय, जरा थांबा," असं म्हणून त्यांनी सहावी धरली. ती नरसम्माची होती. ती ऐकल्यावर कुणी हसलं नाही, आणि मला मावशींचा असा अभिमान वाटला की मी प्रेक्षकांत टाळ्या वाजवून शिपायाची बोलणी खाल्ली. महिन्याभरात नळ संध्याकाळी सहाला यायला लागला. पहिल्या संध्याकाळी नळावर उभं राहून मावशींनी गाठी सोडल्या, आणि नरसम्माची सासू पायरीवर नुसती बसून बघत होती.

तिकीट अर्थातच गेलं. मावशींनी हळहळ केली नाही. उलट आता ज्वारी नीट निवडायला वेळ मिळतो म्हणाल्या. नवीन नगरसेवक वाईट नाही. त्याचं कार्यालय आहे, फलक आहे, आणि मोबाइलवर गाऱ्हाणं पाठवलं की लगेच जोडलेल्या हातांचं चित्र येतं. फक्त गेल्या महिन्यात पाणी परत अकरावर गेलं. नरसम्मा चुलीजवळ येऊन बसली. मावशी म्हणाल्या, "मी आता कोन गं?" म्हणता म्हणता पदराला गाठ मारली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन पुन्हा विचारून आल्या. मग मला हाक. मी नावांनिशी अर्ज लिहिला आणि शेवटी सहीपाशी अडलो. आता नगरसेविका लिहिता येईना. "माजी नगरसेविका लिहू का?" त्यांनी भाकरी उलटली. "माजी कशाला? लिवा की, शेजारीन."

मी लिहिलं. वाचून दाखवताना त्या शब्दाशी थांबून मी चष्मा पुसायला लागलो आणि वाक्य अर्धंच राहिलं. मावशींनी मान वर केली नाही. तव्यावर हात फिरवत म्हणाल्या, "मी विसरले, गुरुजी. परत वाचा."