डावीकडचं दार

एतिदालबाईंच्या वर्गात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक वाक्य बारा महिने लिहिलेलं असे: ‘दुखणं लपवतो तो खेळाडू नव्हे.’ बाकी फळा रोज पुसला जाई, पण त्या कोपऱ्याला हात लावायची शाळेच्या शिपायाची छाती नव्हती.

इजिप्तमधल्या किना शहराजवळच्या त्या गावात मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं बाई खेळ शिकवत होत्या. सुरुवातीला गावाने नाकं मुरडली. पोरींना उड्या मारायला शिकवायचा पगार घेते, असं लोक तोंडावर म्हणत.  बाईंनी हँडबॉलचे नियम शिकवले, दम कसा राखायचा ते शिकवलं, उन्हात पाणी कधी प्यायचं आणि मुरगळलेला घोटा कसा बांधायचा ते शिकवलं. आणि वर्षातून एकदा, पुस्तकात एवढीशीच माहिती असली तरी, तहतीबवर दोन तास घेत. तहतीब म्हणजे तिकडचा लाठीचा खेळ. हजारो वर्षांपूर्वीच्या देवळांच्या भिंतींवर लाठ्या घेतलेली माणसं कोरलेली आहेत, त्यांची चित्रं त्या वर्गात फिरवत.

“या खेळात पंच नसतो,” बाई सांगत. “समोरच्याच्या बचावात फट सापडली की तिला दार म्हणतात. दार सापडलं की लाठी डोक्यावर नेऊन वीतभर अंतरावर थांबवायची. मारायची नाही, दाखवायची. आणि ज्याला दाखवली त्याने आपणहून लाठी जमिनीला टेकवून कबूल करायचं. बाहेरून कुणी ओरडायचं नाही. पंच ज्याचा त्याने व्हायचं.”

हे बाई पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. त्यांचे वडील बखीत हे पंचक्रोशीतले नावाजलेले लाठीवाले. मुलीने लाठी धरायची रीत नव्हती, पण अंगणात, दार लावून, बापाने लेकीला उसाच्या कांडक्याने सगळा खेळ शिकवला होता. त्यामुळे गच्चीवर बसून खेळ बघणाऱ्या बायकांमध्ये कोण कधी हरलं हे बाईंना सगळ्यांच्या आधी कळे.

गेल्याच महिन्यात त्यांनी वफिया नावाच्या मुलीला अंतिम सामन्यातून काढलं. पोरगी गुडघा सुजलेला लपवून खेळत होती. रडली, पाया पडली. बाई हलल्या नाहीत. “आज गुडघा लपवलास, उद्या काय लपवशील?” असं सगळ्या संघासमोर विचारलं. सामना गेला तो गेलाच.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ते असं. कारण त्याच वेळी बाईंच्या स्वतःच्या घरात एक दुखणं लपवलं जात होतं आणि त्या लपवण्याला बाईंचा हातभार होता.

बाईंचे यजमान शाझली शिंपी होते. पायघोळ गल्लाबिया शिवावी तर शाझलींनी, आणि लाठी खेळावी तीही शाझलींनी, असं गावात म्हणत. अंगात साखरेचा आजार दहा वर्षं जुना. चहात मात्र चार चमचे साखर हवीच. तीन आठवड्यांपूर्वी बाईंच्या लक्षात आलं, की सुईत दोरा ओवायला ते बाईंना हाक मारतात.

“हल्ली दोराच वाईट येतो,” ते म्हणत. “टोकाला पिसारतो.”

दोरा चांगलाच होता. मग एकदा चहा ओतताना पेल्याच्या डाव्या अंगाने अर्धा चहा ताटात गेला. एकदा डावीकडून आलेल्या शेजाऱ्याने सलाम केला, त्याला उत्तरच दिलं नाही. शेजारी फुगला. बाईंनी एका संध्याकाळी जेवताना सहज म्हणून डाव्या बाजूने हात त्यांच्या गालापर्यंत नेला. पापणी लवली नाही. 

त्या दिवसापासून बाई गुपचूप त्यांच्या डावीकडची वाट मोकळी करत राहिल्या. बादली उचल, स्टूल सरकव, अंगणातला दगड पायाने लोट. तोंडातून शब्द काढला नाही. बोलल्या तर दुकान बसेल, डोळा गेलेल्या शिंप्याकडे कोण कापड देईल, आणि लाठी हातातून गेली की हा माणूस आठ दिवसांत म्हातारा होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते लपवत होते आणि बाई ते लपवणं लपवत होत्या, असा तो संसार चालला होता.

आणि मग हिफ्नीच्या मुलाचं लग्न आलं.

हिफ्नी विटांची भट्टी चालवायचा. हाताचा मोठा, डोक्याचा गरम. वीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात पहिली लाठी शाझली आणि हिफ्नी यांचीच पडे. आता त्याच्याच मुलाच्या लग्नात शाझली उतरले नाहीत, तर तो घराण्याचा अपमान झाला असता. आणि उतरले तर? हिफ्नीची लाठी बहुतेकदा डावीकडून येते, हे बाईंना पाठ होतं.

लग्नाच्या सकाळी बाई उन्हात फुगायला ठेवलेल्या भाकरीची कणीक बघायच्या निमित्ताने तीनदा त्यांच्या खोलीपाशी गेल्या.

“अहो, अबू मन्सूर,” शेवटी म्हणाल्या. अबू मन्सूर म्हणजे मन्सूरचे वडील; मन्सूर थोरला मुलगा, कुवेतला असतो. “तुमचा गुडघा दुखत होता ना परवा?”

“माझा? कधी?”

“म्हणजे दुखतोय असं सांगितलं तर चालेल. हिफ्नी समजून घेईल.”

शाझली लाठीला तेल लावत होते. हात थांबला. “गुडघा दुखतो म्हणून खेळ सोडतात? तू तर पोरींना वेगळंच शिकवतेस.”

“मी शिकवते की दुखणं सांगा.”

“मग दुखू तर दे आधी,” म्हणून ते हसले. हसताना मान किंचित डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने बाईंकडे बघत होते. ही नवी सवयही बाईंनी टिपली होती. नेमका शब्द ओठांवर आला. डोळा. एवढाच तर शब्द होता. पण तो बाहेर पडला नाही, आणि बाई भाकरी शेकायला निघून गेल्या. सव्वीस वर्षं पोरींना दरडावणारी बाई त्या सकाळी एका शब्दाला घाबरली.

दुपारची नमाज झाल्यावर कालव्याकाठच्या मोकळ्या जागेत रिंगण धरलं. ढोल घुमू लागला, मिझमारची सनईसारखी तार चढली. बायका गच्चीवर जमल्या. बाईंच्या शेजारी त्यांची नणंद बहिया बसली होती, जिची जीभ विस्तवापेक्षा तापलेली.

“हात का एवढे गार पडलेत गं तुझे?” बहियाने विचारलं. “दादा काय लढाईला निघालाय?”

“वारं आहे.”

“वारं! झाडाचं पान हलत नाही, आणि म्हणे वारं.”

दोघांनी सलाम केला, लाठ्या डोक्यावर फिरू लागल्या. पाय मात्र शाझलींचे पूर्वीचेच होते, मांजरासारखे. बाईंना क्षणभर वाटलं, उगीच घाबरले. तेवढ्यात उजवीकडून हिफ्नीची लाठी आत आली आणि शाझलींच्या डोक्यावर वीतभर थांबली. शाझलींनी तत्काळ लाठी जमिनीला टेकवली आणि हसून मान हलवली. लोक वाहवा म्हणाले. दाराची कबुली द्यावी तर अशी.

मग हिफ्नी फिरला आणि लाठी डावीकडून आली. कानाच्या वर वीतभर थांबली. एक, दोन, बाईंनी मनात मोजलं. शाझली खेळतच राहिले. लाठी जमिनीला टेकली नाही.

गर्दीत चुळबुळ झाली. हिफ्नीने लाठी मागे घेतली, घाम पुसला. त्याला वाटलं असावं, नजरचूक झाली. पुन्हा फेरी, पुन्हा डावीकडून दार, पुन्हा लाठी थांबली. शाझली पुन्हा खेळतच राहिले.

“दादा कबूल का करत नाही?” बहिया पुटपुटली. तिचंही तोंड उतरलं. खालून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, “म्हातारपणी लबाडी सुचली वाटतं शिंप्याला!” आणि चारजण हसले.

 चाळीस वर्षांत ज्या माणसाने एक दार नाकारलं नव्हतं, त्याला भर रिंगणात लबाड म्हणत होते, आणि त्याला कळतही नव्हतं का ते. तिसऱ्यांदा लाठी डावीकडून आली, यावेळी अगदी पगडीला शिवेल इतकी. शाझलींनी ढुंकून पाहिलं नाही.

हिफ्नीचा चेहरा काळवंडला. त्याने लाठी मागे घेतली आणि पकड बदलली. एका हाताची होती, ती दोन्ही हातांची केली. दाखवायच्या लाठीला एक हात पुरतो. दोन हात कशाला लागतात, हे बखीतच्या लेकीला कुणी सांगायला नको होतं.

ओरडावं तर रिंगणाचा नियम मोडतो, दोन्ही घराण्यांची अब्रू जाते. आणि ओरडून तरी कळेल का, या ढोलात? बाई उठून उभ्या राहिल्या. गच्चीवरून बाईमाणसाचा एकच आवाज रिंगणात चालतो. दार सुरेख दाखवलं की जीभ हलवून काढलेली आनंदाची लांब, थरथरती किलकारी. तिला झगरूत म्हणतात. आपल्या माणसाने दार दाखवलं तर बायका ती काढतात. नवऱ्यावर चालून आलेल्यासाठी कुणी काढत नाही.

बाईंनी झगरूत काढली. डोळे मिटून, छाती फुटेस्तोवर, तीनदा.

गच्चीवरच्या बायका वळून बघू लागल्या. बहियाने बाईंच्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ राहिला. “वेडी झालीस? हिफ्नीसाठी? नवऱ्याच्या डोक्यावर?”

खाली हसू उसळलं. पण शाझली थबकले. तो आवाज त्यांनी तीस वर्षं ओळखला होता. झगरूत म्हणजे कुणीतरी दार दाखवलं. त्यांनी तर दाखवलं नव्हतं. मग हिफ्नीने. आणि एतिदाल खेळ बघताना कधी चुकत नाही. एवढा हिशेब त्यांनी एका श्वासात केला आणि लाठी जमिनीला टेकवली.

हिफ्नीची लाठी तोवर सुटली होती. लाठी टेकवलेली बघून त्याने ती कशीबशी आवरली. शाझलींच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला दोन बोटांवर ती थरथरत थांबली. शाझली शांत उभे होते. डोळ्याशी लाठी आणि पापणी लवली नाही.

ढोल आपोआप थांबला.

“शाझली,” हिफ्नीने विचारलं, “ही लाठी दिसतेय तुला?”

“कुठली?”

हिफ्नीने ती तशीच धरून ठेवली. शाझलींनी मान हळूहळू डावीकडे वळवली, आणि नाकाशी आलेलं लाकूड उजव्या डोळ्याला दिसलं.

“नाही,” सगळं गाव ऐकत असताना ते म्हणाले. “त्या बाजूनं मला काही दिसत नाही. किती दारं दाखवलीस?”

“तीन.”

“तिन्ही कबूल.”

हिफ्नीने लाठी टाकली आणि तिथेच मातीत बसला. “मी मारणार होतो,” तो म्हणत राहिला, “या अल्लाह, मी आता मारणार होतो याला.”  तो लबाड म्हणणारा म्हातारा गर्दीत कुठे दिसेना.

लग्नाचं जेवण झालं, भाकरी, भात आणि मटणाच्या फत्त्याच्या पराती रिकाम्या झाल्या. हिफ्नीने सक्तीने शाझलींना नवरदेवाच्या शेजारी बसवलं होतं, आणि किन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे रविवारी आपणच गाडीतून नेणार, असं दहादा बजावलं होतं. ऊन कलताना नवराबायको कालव्याच्या वाटेने घरी निघाले. 

“तुला ठाऊक होतं,” शाझली म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

“तीन आठवडे.”

“आणि तरी जाऊ दिलंस?”

 बाईंना शाळेत वफियाला विचारलेला प्रश्न तेवढा आठवला, आणि लाज वाटली, भर उन्हात उघडं पडावं तशी. त्या वळसा घालून शाझलींच्या डाव्या अंगाला चालू लागल्या. वाटेत एक मोठा दगड होता. बाईंचा पाय सवयीने तो बाजूला लोटायला पुढे झाला आणि मागे आला.

“डावीकडे दगड आहे,” बाई मोठ्याने म्हणाल्या.

शाझलींनी पाय उचलून दगडापलीकडे टाकला.