खालचा खण

"ए बाई, तुझी जागा खाली."

रेकॉर्डरूममधला माझा पहिला दिवस. भाऊसाहेब, म्हणजे तिथले मोठे कारकून, आम्हा पाच विद्यार्थ्यांना कार्डांच्या कपाटापुढं उभं करून खण वाटून देत होते. याला हे अक्षर, त्याला ते. माझ्यापुढं आले आणि चपलेच्या टोकानं सगळ्यात खालचा खण दाखवला. त्या खणावर अक्षरच नव्हतं.

"हा तुझा. तुमचीच माणसं आहेत यात. तुला बरं पडेल."

बाकीची चौघं हसली. मी जमिनीवर मांडी घातली आणि खण ओढला.

नेवाशाजवळच्या आमच्या वस्तीत पदवी घेतलेली मी पहिली. बी.ए. झाल्यावर नगरला रुग्णनोंदींच्या कोर्सला आले. सकाळी वर्ग, दुपारी दवाखान्यात प्रॅक्टिकल. वर्गात सर शिकवायचे: आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग बापाचं नाहीतर नवऱ्याचं. वय. गाव. एका माणसाला एकच नंबर. कार्डावरून नंबर सापडतो, नंबरावरून केस पेपर. पेपरात आधीचं दुखणं, आधीचं औषध. मला हे फार आवडलं होतं. इथं प्रत्येकाला सारखीच जागा, असं वाटलं होतं.

खालच्या खणात यातलं काही नव्हतं. 'गंगी हरिजन, नेवासा.' 'किसन हरिजन, नेवासा.' वय नाही, बाप नाही, नवरा नाही. आम्ही बौद्ध होऊन कित्येक वर्षं झाली होती. आडनावं तर पणजोबापासूनची. मी विचारलं, "भाऊसाहेब, यांची आडनावं?"

"खिडकीवर रांग असते. तुमची आडनावं विचारत बसलो तर संध्याकाळ होईल. लिही तसंच."

मी लिहिलं. हे मला झाकायचं नाही. दोन महिने लिहिलं. खिडकीवर बाई यायची, मी मान वर न करता विचारायची, "नाव? गाव?" आणि मधली जागा 'हरिजन' लिहून स्वतःच भरायची. माझं अक्षर वळणदार. भाऊसाहेब एकदा म्हणाले, "अक्षर मात्र अगदी आमच्यासारखं आहे हो." मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची लाज मला चपलेच्या टोकापेक्षा जास्त वाटते.

मग एका दुपारी माझी आई आली. बाभळीचा काटा मोडून पाय पोटरीपर्यंत सुजलेला. दोन वर्षांपूर्वी ती याच दवाखान्यात आली होती, तेव्हा मी कॉलेजात होते. घरी गेले तर म्हणाली होती, "सुई टोचली आन् जीवच चालला हुता गं. डाक्टरनं कागदावर लाल शाईनं काय तरी लिवलं." कुठली सुई, तिला माहीत नव्हतं. ते त्या कागदालाच माहीत होतं.

शिपाई डॉक्टरांचा निरोप घेऊन आला, "जुना पेपर आणा."

आईचं नाव गंगूबाई. मी खण ओढला. 'गंगी हरिजन, नेवासा.' एक नाही. अकरा. अकराही एकसारख्या. त्यातली तीन कार्डं माझ्या वळणदार अक्षरात.

मी नंबर उतरवायला लागले. मागं भाऊसाहेब उभे. "अगं, काढ कुठलीही एक. सगळ्या गंग्या सारख्याच." वाकून त्यांनीच एक कार्ड उचललं, मांडणीतून पेपर काढला आणि शिपायाहाती पाठवून दिला.

मी धावत मागं गेले. डॉक्टर पेपर वाचत होते. "पेनिसिलीन आधी दोनदा दिलंय. काही झालेलं नाही. टेस्ट नको, सरळ द्या." नर्सनं सुई भरली. डॉक्टरापुढं बोलायची आईला भीती.

मी आईच्या दंडावर हात ठेवला. "थांबा. हा पेपर हिचा नाही."

"तू कोण?"

"हिची मुलगी. आणि हे कार्ड लिहिणाऱ्यांतलीच एक. त्या खणात अकरा गंग्या आहेत. हिचा पेपर सापडेपर्यंत हिला सुई टोचायची नाही."

डॉक्टर चिडले, पण नर्सनं हात मागं घेतला. मी रेकॉर्डरूममध्ये जाऊन एकेक पेपर उलगडला. नवव्यावर सापडलं. लाल शाई. 'पेनिसिलीन देऊ नये.' खाली दोन रेघा.

तो पेपर बघून डॉक्टरांनी औषध बदललं. आई बाहेर आल्यावर म्हणाली, "कशाला भांडलीस गं? तुला काढून टाकत्याल."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी बोलावलं. "डॉक्टरांसमोर माझी शोभा केलीस. माफी माग. तुझ्या प्रॅक्टिकलवर सही माझी आहे, विसरू नकोस."

मी खालचा खण अख्खा उपसून आणला आणि त्यांच्या टेबलावर पालथा केला.

"या खणात मी आता एकही कार्ड टाकणार नाही. आईचं नवीन लिहिलंय. साळवे, गंगूबाई सखाराम. स च्या खणात ठेवते."

"आणि सही?"

"द्या नाहीतर राहू द्या."

सही त्यांनी केली. शेऱ्यात एकच शब्द लिहिला: उद्धट. तो शेरा मी नोकरीच्या प्रत्येक अर्जाला जोडला. कुठंच लपवला नाही. तेव्हापासून खिडकीवर आलेल्या प्रत्येक बाईकडं मी मान वर करून बघते. पूर्ण नाव विचारते. रांग थांबली तर थांबू दे.

पण माझ्या अक्षरातली ती तीन कार्डं तशीच राहिली. त्या तिघींची आडनावं मी विचारलीच नव्हती. त्या कोण, कुठल्या आळीच्या, त्यांना कुठलं औषध चालत नाही, मला आजही माहीत नाही. माफी मला मागायचीच आहे. त्या तिघींची. भाऊसाहेबांची कधीच नाही.