दहा मिनिटं पुढं

छाया विधातेला कुणी वेळ विचारली की ती मिनिटासकट सांगायची, आणि सांगताना आवाजात थोडी खुन्नस असायची. त्या खुन्नशीचं मूळ तिच्या बापाच्या भिंतीवर होतं. गोटीराम विधात्यांचा मखमलाबादला फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, कडेला थोडा गुलाब. फुलबाजार भल्या सकाळी भरतो आणि मागून येणाऱ्याच्या टोपलीकडे कुणी वळूनही बघत नाही, म्हणून घरातलं घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढं. घरात सगळ्यांना हे ठाऊक. सगळे मनातल्या मनात पंधरा वजा करणार, आणि व्हायचा तेवढा उशीर होणारच. आठवीत असताना छायानं स्टुलावर चढून ते घड्याळ बरोबर लावलं. त्या दिवशी गोटीराम बाजारात उशिरा पोचले, घड्याळ त्यांनी पुन्हा पंधरा मिनिटं पुढं केलं आणि पोरीशी दोन दिवस बोलले नाहीत. तिनंही माफी मागितली नाही. बरोबर वेळ लावल्याबद्दल कसली माफी?

पुढं पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून ती सत्त्याण्णव साली सातपूरच्या एका कारखान्यात डेटा एंट्रीला लागली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, पाचेकशे माणसं. प्रिंटर अडला, बोलवा छायाला. केबल उंदरानं कुरतडली, बोलवा छायाला. असं करत करत सात-आठ वर्षांत अख्ख्या कारखान्यातली कुठली तार कुठं जाते हे ठाऊक असलेली ती एकटीच उरली. तरी वर्क्स मॅनेजर बेलसरे साहेब पाहुण्यांना तिची ओळख करून देताना ‘आमची कॉम्प्युटरवाली मुलगी’ असंच म्हणत. मुलगी तेव्हा तिशीला आली होती.

दोन हजार सहाच्या जानेवारीत कारखान्यात नवी व्यवस्था आली. तोवर हजेरीला एक पासवर्ड, स्टोअरला दुसरा, डिस्पॅचला तिसरा, आणि तिन्ही पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेले. आता सकाळी एकदाच नाव-पासवर्ड घालायचा की सगळी दारं उघडी. पुण्याच्या सल्लागारानं ती बसवली. आतलं काम साधंच होतं. मुख्य सर्व्हर माणसाची ओळख पटवतो आणि पावती फाडावी तशी त्याच्या नावाची चिठ्ठी फाडून देतो, चिठ्ठीवर वेळ घालतो. ती चिठ्ठी पाच मिनिटांच्या आत ज्या दारात दाखवाल ते दार उघडतं. पाच मिनिटं उलटली की चिठ्ठी शिळी. चोरलेली चिठ्ठी कुणी नंतर वापरू नये म्हणून ही काळजी. माणसाला यातलं काही दिसत नाही, पडद्यामागं सगळं क्षणात उरकतं.

महिनाभर बरं चाललं. मग फेब्रुवारीत डिस्पॅचचं दार बंद पडलं. हजेरी उघडायची, स्टोअर उघडायचं, डिस्पॅचवर मात्र ‘आपली ओळख पटली नाही’.

डिस्पॅचचं पान उघडायचा हक्क कारखान्यात एकट्या सिंधुबाईंना होता. या सिंधुबाई दिंडोरीकडच्या. बावीस वर्षांपूर्वी पॅकिंगला लागल्या, चाळिशीत कॉम्प्युटर शिकल्या, तोही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत छायाकडून. एका बोटानं टाइप करायच्या, पण गाडीतल्या मालासोबत जाणाऱ्या चलनात आजवर एक आकडा चुकला नव्हता. आता त्या दिवसभर पासवर्ड घालत राहिल्या, दार काही उघडेना, शेवटी चलनं हातानं लिहून गाड्या सोडू लागल्या.

पुण्याच्या सल्लागारानं पुण्यात बसूनच नोंदी तपासल्या. त्याला दिसलं ते एवढंच, की सिंधुबाईंच्या नावानं रोज चाळीस-पन्नास वेळा शिळी चिठ्ठी दाखवली जातेय. शिळी चिठ्ठी कोण दाखवतं? ज्यानं ती चोरली तो. म्हणजे या बाईनं आपला पासवर्ड बाहेर कुणाला तरी दिला. झालं, निकाल लागला. बेलसरे साहेबांनी सिंधुबाईंना पत्र दिलं: गोपनीय पासवर्ड परक्यांना दिल्याचा संशय, शुक्रवारी चार वाजता चौकशी, समाधानकारक खुलासा न झाल्यास सेवा समाप्त. सिंधुबाईंनी ते पत्र छायाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बावीस वर्सांत खिळा घरी नेला नाय मी. तू तरी सांग यांना."

छायाच्या डोक्यात तिडीक गेली. या बाईला बोट धरून कीबोर्डावर बसवणारी ती, आणि त्याच कीबोर्डावरून बाई चोर ठरत होती.

तिनं सोमवारपासून शोध घेतला. आधी सिंधुबाईंचा पासवर्ड बदलून दिला. दार बंदच. मग स्वतःच्या नावाला डिस्पॅचचा हक्क दिला आणि स्वतः प्रयत्न केला. तरी बंद, आणि नोंदीत तीच ओळ, शिळी चिठ्ठी. म्हणजे सिंधुबाईंचा संबंधच नव्हता. ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली. सल्लागार फोनवर होता. तो म्हणाला, तुमच्या मशीनवरून चिठ्ठ्या चोरल्या जात असतील, मग तर प्रकरण जास्तच गंभीर आहे. आत्ता फाडलेली चिठ्ठी आत्ताच शिळी कशी होते, असं छायानं विचारलं, त्यावर ‘नोंद खोटं बोलत नाही’ एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. साहेबांनी एक टाइप केलेला कागद तिच्यापुढं सरकवला. सिस्टिम निर्दोष असून पासवर्ड फुटला आहे, असं छायानं तपासणी करून लिहून द्यायचं होतं. खाली तिचं नाव आधीच छापलेलं. एप्रिलपासून नवा आयटी विभाग होतोय, साहेब गोड आवाजात म्हणाले, त्याला प्रमुख लागेलच. छायानं कागद वाचला, घडी न घालता परत सरकवला आणि बाहेर आली. तिला त्या पदाची हाव नव्हती असं नाही. होती, चांगलीच होती, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार तिनं डिस्पॅचच्या शेडमध्ये काढले. तिथला जुना सर्व्हर सिंधुबाईंच्या टेबलाखाली लाकडी खोक्यात होता. तारा बदलल्या, प्रोग्राम पुन्हा घातला, नोंदींचे कागद छापून ओळ न् ओळ वाचली. समोर भिंतीवर घड्याळ, पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ, मनगटावर तिचं स्वतःचं. तिन्हीकडे तिनं शंभरदा पाहिलं असेल. काही सापडलं नाही. गुरुवारी संध्याकाळी सिंधुबाईंनी टेबलाच्या खणातून आपला डबा, चष्मा आणि देवाचा फोटो काढून पिशवीत भरला. छायानं तो फोटो पिशवीतून काढून परत जागेवर ठेवला.

शुक्रवारी सकाळी घरी ती चहा घेत होती. अंगणात आई, आक्काबाई, टोपल्यांवर ओलं फडकं टाकत होती. किती वाजले गं, असं तिनं हाक मारून विचारलं. छायानं भिंतीकडे पाहिलं आणि सांगितलं, सहाला दहा कमी. सांगितलं आणि ती थांबली. भिंतीवर सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

वजाबाकी तिनं केली नव्हती, ती आपोआप झाली होती. ज्या घड्याळाचा तिनं जन्मभर राग केला त्याचीच सवय तिच्या अंगात मुरली होती. आणि डिस्पॅचचं घड्याळही पुढंच होतं की. दहा मिनिटं. शेडमधला प्रत्येक माणूस दहा वजा करूनच ते वाचायचा, तीही वाचत होती, तीन दिवस. पडद्यावर दहा बावीस दिसले की तिच्या मनात दहा बारा उमटायचे आणि मनगटाशी बरोबर जुळायचे. बिचाऱ्या सर्व्हरला वजाबाकी कोण शिकवणार? आत्ता फाडलेली चिठ्ठी त्याच्या लेखी दहा मिनिटं जुनी, आणि पाचच्या वर गेली की शिळी. तिनं चहा तसाच टाकला.

शेडमध्ये पोचल्या पोचल्या तिनं विचारलं, पडद्यावरचं घड्याळ पुढं कुणी केलं? सिंधुबाई सरळ म्हणाल्या, "मीच केलं. नोटीस नाय का लागली?"

नोटीस बोर्डावरच होती, सुरक्षा सप्ताहाच्या कागदाखाली अर्धी झाकलेली. ग्राहकाच्या फाटकातून एक गाडी उशीर झाला म्हणून परत आली होती, त्यानंतरची. ‘डिस्पॅच विभागातील सर्व घड्याळे आजपासून दहा मिनिटे पुढे ठेवावीत.’ खाली वर्क्स मॅनेजरची सही, शिक्का, तारीख. दार बंद पडलं तीच तारीख. सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरवला आणि विषय संपवला. सिंधुबाईंनी ‘सर्व’ वाचलं आणि सर्व घड्याळं पुढं केली, टेबलाखालच्या मशीनचंसुद्धा.

छायानं मशीनचं घड्याळ बरोबर लावलं. सिंधुबाईंनी एका बोटानं पासवर्ड घातला. दार उघडलं. सिंधुबाई पडद्याकडे पाहत राहिल्या आणि पदरानं चष्मा पुसू लागल्या. छायानं नोटीस टाचणीसकट काढून घेतली.

चार वाजता ती चौकशीला न बोलावता गेली. नोटीस टेबलावर ठेवली आणि सगळं समजावून सांगितलं. बेलसरे साहेबांनी स्वतःची सही पाहिली आणि पंखा वाढवायला सांगितलं. मग म्हणाले, ठीक आहे, ‘तांत्रिक बिघाड’ असं लिहा, नोटिशीचा उल्लेख नको.

"सर, मी सगळं लिहिणार," छाया म्हणाली. "नोटीस तुमची. ते मशीन मी उघडं ठेवलं होतं, कुणालाही घड्याळ बदलता यावं असं, ती चूक माझी. आणि एवढ्या मशीनची घड्याळं एकमेकांशी जुळवायची सोय केली नाही, ती पुण्याची. तिन्ही लिहिणार. यात सिंधुमावशींची एकही नाही."

साहेबांनी तिला एप्रिलची आठवण करून दिली. लक्षात आहे, असं सांगून तिनं तिथंच बसून, मराठीत, स्वच्छ अक्षरात दीड पान लिहिलं आणि खाली सही केली. एप्रिलमध्ये आयटी विभागाला बाहेरून प्रमुख आला. छाया त्याच्या हाताखाली सहा वर्षं राहिली आणि घड्याळं जुळवायचं काम पहिल्या आठवड्यातच त्याच्याकडून मंजूर करून घेतलं. पद गेल्याचं वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर ती सरळ हो म्हणायची.

पण त्या शुक्रवारची गोष्ट अजून संपली नव्हती. साहेब सिंधुबाईंकडे वळून हसले, झालं गेलं विसरून जा म्हणाले, उद्या कारखान्याची शनिवारची साप्ताहिक सुट्टी, रविवारी नेहमीसारखं कामावर या.

सिंधुबाई जागच्या हलल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी ते संशयाचं पत्र काढलं, उलगडून नोटिशीच्या शेजारी ठेवलं आणि तळहातानं सपाट केलं.

"तुम्ही लिहून दिलं ते मी बावीस वर्सं ऐकलं, साहेब. घड्याळंसुदिक लिहून दिलं म्हनून फिरवली. आता हे मागं घेतलं असं लिहून द्या. तोंडी मी घेनार नाय."

बेलसरे साहेबांनी छायाकडे पाहिलं, पण छाया आपलं मनगटावरचं घड्याळ बघत होती. चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. चार छत्तीसला सिंधुबाई सही-शिक्क्याचं पत्र घेऊन बाहेर पडल्या, शेडमध्ये गेल्या, खुर्चीत बसल्या आणि शेवटच्या गाडीचं चलन त्यांनी स्वतःच्या नावानं काढलं.