माझ्या वाटणीचं उत्तर

गेल्या मे महिन्यात मी देवावर चिडले होते. अनुभव लिहिणारे सहसा 'माझी श्रद्धा जरा डळमळली होती' अशी सुरुवात करतात. माझं तसं काही झालं नव्हतं. देव आहे, त्याला सगळं दिसतं, यावर माझा पूर्ण विश्वास होता आणि म्हणूनच राग होता. सगळं दिसत असून हा गप्प कसा बसतो, हाच तर माझा प्रश्न होता.

माझी मुलगी जेनी नववीत असताना तिला वर्गात दोनदा आकडी आली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि ती इतर मुलांसारखीच शिकू शकेल असं सांगितलं. शाळेचं मत वेगळं होतं. आम्हाला बोलावून चहा पाजला आणि गोड आवाजात सांगितलं की बाकीची मुलं घाबरतात, पालक तक्रारी करतात, तेव्हा तुम्ही तिला घरी ठेवलंत तर तिच्याच भल्याचं होईल. दुसऱ्याच्या लेकराचं भलं किती चटकन कळतं माणसांना! दुसऱ्या शाळांत गेलो, तर आजाराचं नाव काढताच त्यांच्या जागा भरून जायच्या. शेवटी जेनीला घरीच शिकवायचं आणि मुक्त शाळेतून दहावीला बसवायचं असं आम्ही ठरवलं.

घरी शिकवणं फुकट असतं, असा एक समज आहे. 'चला, फी तरी वाचली,' असं आमच्या नात्यातल्या एका शहाण्याने मला तोंडावर ऐकवलं होतं. पुस्तकं, परीक्षेची फी, विज्ञानाची प्रात्यक्षिकं, ऑनलाइन तासांसाठी बरा फोन, हे सगळं झाडाला लागत नाही. मराठी, इतिहास, भूगोल मी शिकवत होते. गणितापुढे मात्र मी हात टेकले आणि घरी येऊन शिकवणारे एक सर लावले. नवऱ्याचा पगार वसई पूर्वेच्या एका कारखान्यातला. औषधं आणि घर भागवून सरांपर्यंत काही उरेना. मी मोगऱ्याचे गजरे करून बाजारात दिले, ब्लाउज शिवले. मदत देणाऱ्या एका संस्थेकडे गेले, तर तिथली बाई म्हणाली, 'शाळेचा दाखला आणा.' अहो, शाळाच नाही म्हणून तर तुमच्या दारात आले! सर भले गृहस्थ, पण त्यांनाही पोट आहे. जूनपासून ती वेळ दुसऱ्या मुलांना देईन, असं त्यांनी संकोचत सांगितलं. गणित राहिलं म्हणजे दहावी राहिली. जेनी त्या दिवशी गणिताचं पुस्तक कपाटात सगळ्यात खाली ठेवून आली. ते पाहून माझा जीव तुटला.

आता फुग्यांबद्दल सांगायला हवं. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नात मटणासोबत फुगे लागतात. मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचं सैलसर पीठ हाताने खूप फेटायचं, फुगू द्यायचं, मग मुठीतून एकेक गोळा पिळून गरम तेलात सोडायचा. तो तेलात पडताच टम्म फुगला पाहिजे आणि आतून पोकळ, मऊ राहिला पाहिजे. हे सगळ्यांच्या हाताला जमत नाही. माझ्या हाताला जमतं. लग्न झाल्यापासून गावातल्या एकूणएक लग्नाचे फुगे मी केले आहेत. आमच्याकडे लग्नघरच्या कामाला गावातल्या बायका जातात आणि त्याचे पैसे कोणी घेत नाही, तशी रीतच आहे. मीही कधी घेतले नव्हते.

मे महिन्यात रोझीकाकीच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. काकी म्हणजे गावातलं मोठं घर, मुलं परदेशात, वाडी, बंगला, सगळं आहे. या लग्नाचं जेवण मांडवातल्या चुलीवर होणार नव्हतं. केटरर सांगितला होता, सजावटीला मुंबईहून माणसं येणार होती. या सगळ्यांना पैसे मिळणार होते आणि फुगे मात्र रीतीप्रमाणे मी करायचे होते. काकी बोलवायला आली तेव्हा मी मन घट्ट करून म्हटलं, "काकी, या वेळी मला मजुरी द्या. जेनीच्या सरांची फी द्यायची आहे." आम्ही आमच्या बोलीत बोललो. इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे.

काकीने कपाळाला हात लावला. "लग्नाच्या कामाचे पैसे? शेजारधर्म विकायला काढलास होय गं तू? पोरीला नीट शाळेत ठेवली असती तर ही वेळ आली असती का?"

माझ्या पोरीला मी शाळेतून काढली, असं काकी समजत होती. आठवडाभरात सगळं गाव तेच समजू लागलं. मी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरली होती आणि तिच्यात अगदी स्पष्ट मागितलं होतं, की पवित्र माते, काकीचं मन मऊ कर. काकीचं मन काही मऊ झालं नाही. उलट तिने फुग्यांची ऑर्डरही केटररलाच देऊन टाकली.

मे महिन्यात गावच्या क्रूसापाशी रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना होते. दर दिवशी एका घराची पाळी असते. त्या घराने क्रूसाला हार घालायचा आणि प्रार्थनेनंतर सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. आमची पाळी नेमकी त्याच आठवड्यात आली. काकी आणि तिच्या गोतावळ्यातलं कोणी आलं नाही. चण्याचं पातेलं शेजारी ठेवून मी उभी होते आणि माझ्या डोक्यात नुसती आग होती. माळ संपली, लदीन सुरू झाली. लदीनमध्ये एकाने पवित्र मरियेचं एकेक नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी 'आम्हांसाठी विनंती कर' असं उत्तर द्यायचं. मी तोंड मिटून घेतलं. तुलाही एकच लेकरू होतं, मी मनात म्हटलं. त्याला लोकांनी गावाबाहेर काढलं तेव्हा तुला कसं वाटलं होतं? आता तुला विनंती करायची असेल तर तू आपणहून कर, मी सांगणार नाही.

तेवढ्यात माझ्या मागून एक अनोळखी, भरदार आवाज येऊ लागला. वळून पाहिलं तर एक माणूस चपला काढून, हात जोडून उभा होता. कपाळावर गंध होतं. आमची प्रार्थना त्याने बहुधा जन्मात ऐकली नसावी, पण सगळे म्हणतात ते उत्तर त्याने उचललं होतं आणि प्रत्येक नावानंतर तो मनापासून म्हणत होता, 'आम्हांसाठी विनंती कर.' मी गप्प होते आणि माझ्या वाटणीचं उत्तर तो देत होता. माझ्या अंगावर काटा आला. याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी फक्त झालं ते सांगते आहे.

चणे घेताना त्याने हळूच विचारलं, "ताई, इथे फुगे करणाऱ्या बाई कोण?"

"मीच. का?"

"देवच पावला बघा! मनवेलपाड्याला माझं किचन आहे. इकडच्या लग्नाची ऑर्डर घेतली. काकी बोलल्या, फुगे पण करा. मी बोललो, होऊन जाईल, त्यात काय? मोबाईलवर बघून ट्राय केले, तर नुसते दगड झाले हो. लग्न तीन दिवसांवर आलं, टेन्शनने झोप नाही मला."

"आणि माझं नाव कोणी सांगितलं?"

तो जरा ओशाळला. "नाव नाही सांगितलं. काकीच रागात बोलल्या होत्या, गावात एक बाई आहे, तिच्यासारखे फुगे अख्ख्या वसईत कोण करत नाही, पण ती आता पैसे मागते. मी मनात बोललो, पैसे मागते म्हणजे धंदा समजते, आपल्याला अशीच बाई पाहिजे." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "फक्त त्यांना कळू देऊ नका. नाहीतर माझं नाव खराब होईल."

मी नोव्हेनेत जे मागितलं ते मला मिळालं नव्हतं. काकीने मला नावं ठेवली आणि त्याच तोंडाने माझी जाहिरात केली. मी हसले आणि हसता हसता रडले. तो बिचारा गोंधळून चणे खात उभा राहिला.

लग्नाच्या सकाळी मी मनवेलपाड्याला त्याच्या किचनमध्ये फुगे केले. जेनीला आगीजवळ बसायची मनाई, म्हणून ती दाराशी मैद्याच्या गोणीवर बसून गणितं सोडवत होती. कपाटातलं पुस्तक तिने स्वतःच बाहेर काढलं होतं. मग घरी येऊन, तेलाचा वास धुऊन, आम्ही त्याच लग्नाला गेलो, कारण लग्नाच्या आमंत्रणात गावातलं एकही घर वगळत नाहीत. जेवणाच्या वेळी काकी ताट घेऊन मुद्दाम माझ्यापाशी आली. एक फुगा फोडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बघ. पैसे टाकले की असे फुगे मिळतात. तुझ्यावाचून काही अडलं नाही."

मला काय काय बोलायचं होतं ते इथे लिहीत नाही. जेनीने टेबलाखालून माझा हात घट्ट दाबून धरला. "छान झालेत, काकी," मी म्हटलं. एवढं म्हणायला मला जेवढं बळ लागलं तेवढं ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासालाही लागलं नव्हतं.

त्या केटररने पुढे वर्षभर मला कामं दिली. ठरलेली मजुरी त्याच दिवशी हातात ठेवली, आणि शेजारधर्माच्या गोष्टी एकदाही ऐकवल्या नाहीत. सर टिकले, परीक्षेची फी भरली गेली, आणि जेनी गणितासकट पास झाली. शाळेवरचा माझा राग मात्र गेलेला नाही. तो जावा अशी प्रार्थनाही मी करत नाही. अन्यायाला अन्याय म्हणणं हे पाप आहे असं मला वाटत नाही. पण देवाला वाट दाखवायची माझी सवय सुटली. अमक्याचं मन वळव, तमक्याच्या हाताने दे, असं मी आता सांगत नाही. गरज तेवढी सांगते आणि लदीनमध्ये माझं उत्तर मोठ्याने देते.

या मे महिन्यात आमच्या पाळीला काकी आली. चण्यांसाठी ओंजळ पुढे करून म्हणाली, "पोरगी पास झाली म्हणे. शाळेवाचून! आणि तो एवढा खर्च कोणी केला गं?"

'तुम्हीच' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता.

"देवाने केला, काकी," मी म्हटलं, आणि तिच्या ओंजळीत आणखी मूठभर चणे घातले.