मानपत्राची फाइल

आमच्या शाळेत निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला शाल, नारळ आणि मानपत्र मिळत असे. शाल दरवेळी वेगळी असे, नारळही वेगळा असे. मानपत्र मात्र सगळ्यांना मिळून एकच होतं. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा कोणीतरी ते टाइप करून ठेवलं आणि त्यानंतर फक्त वरचं नाव बदलत गेलं. 'आपली मृदू वाणी, आपला मनमिळाऊ स्वभाव आणि आपली अखंड तळमळ' हे वाक्य मी बोळिंजच्या त्या शाळेत मराठी शिकवत असताना नऊ वेळा ऐकलं आणि नऊही वेळा टाळ्या वाजवल्या. आमचे पीटीचे सर शिट्टी न वापरता अख्खं मैदान जागच्या जागी उभं करायचे. निवृत्तीच्या दिवशी त्यांचीसुद्धा वाणी मृदू निघाली.

नाव बदलून ते छापायचं काम ऑफिसातल्या ताईंचं. ताई म्हणजे शाळेच्या क्लार्क. राहायला निर्मळला, घरची केळीची आणि फुलांची वाडी. रोज सकाळी स्कूटरवरून यायच्या आणि येताना केळीच्या पानात गुंडाळून सोनचाफ्याची फुलं आणायच्या. दोन मुख्याध्यापकांच्या टेबलावर, एक आपल्या टेबलावर, उरलेली स्टाफरूममध्ये. टाइपरायटर होता तेव्हापासूनचा हा रिवाज. कॉम्प्युटर आल्यावर त्यांनी एक फूल मॉनिटरवर ठेवायलाही सुरुवात केली. त्या खोलीत चपला काढून जायचा नियम होता, तेव्हा फुलाला कोणाची हरकत नव्हती.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा ताई मला म्हणाल्या, "सर, आता माझा नंबर. माझं मानपत्र तुम्ही लिहा. ते जुनं नको, मला ते पाठ आहे. एवढी वर्षं सगळ्यांचं छापलं, माझं असं एक तरी असू दे."

"अहो ताई, हे काय सांगायला हवं?" मी म्हणालो. मनात म्हटलं, फाइल आहेच, दोन वाक्यं इकडची तिकडे केली की झालं. मराठीच्या शिक्षकाला लिहायचा किती कंटाळा असतो, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

समारंभाला पाच दिवस उरले असताना कॉम्प्युटर टक् टक् करायला लागला आणि दुपारी बंद पडला. शिपाई म्हणाला, "फुलाचं पानी गेलं असंल आत." विरार स्टेशनजवळून इंजिनियरला बोलावलं. त्याने डबा उघडून आत कान लावला.

"सर, हार्ड डिस्क गेली. बॅकअप आहे ना?"

"असेल ना," मुख्याध्यापक म्हणाले. "कपाटात बघा."

कपाटात हजेरीपटांशिवाय काही नव्हतं. इंजिनियरने नवी डिस्क बसवली, "विंडोज मारलं, ऑफिस मारलं, टेन्शन लेने का नाय," असं म्हणून तो सायंकाळच्या आत गेलासुद्धा. मुख्याध्यापकांनी लगेच हाताने लिहून सूचना लावली की संगणक पूर्ववत सुरू झाला असून कोणीही त्यास हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी कळलं की संगणक सुरू झाला आहे, ऑफिस सुरू झालेलं नाही. दाखल्याचा नमुना गेला होता. प्रिंटर कॉम्प्युटरला ओळखच दाखवत नव्हता. पत्र लिहायचा प्रोग्रॅम उघडला की आधी पंचवीस आकडी नंबर मागे, आणि तो नंबर ज्या कव्हरवर होता त्यात मुख्याध्यापकांनी आपल्या मुलीच्या लग्नाची सीडी ठेवून ती नातेवाईकांकडे फिरवायला दिली होती. सगळ्यात वाईट म्हणजे मराठी नाहीसं झालं होतं. ज्या शाळेत मी मराठी शिकवत होतो, तिथल्या एकमेव यंत्राला 'क' येत नव्हता. इंजिनियरला फोन केला तर म्हणाला, "फाँट तुमच्याकडे असणार ना सर, मी इंग्लिश मीडियमचा."

ताईंनी मग ड्रॉवरमधून खाकी कव्हर घातलेली वही काढली. कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून त्यांनी तिच्यात सगळं लिहून ठेवलं होतं. आधी काय दाबायचं, नंतर काय, प्रिंटर रुसला तर कुठली वायर काढून पुन्हा लावायची. पंचवीस आकडी नंबरही होता, दोनदा तपासून. शेवटच्या पानावर होतं, 'मराठीची सीडी – कबड्डीचा मोठा कप.' मौल्यवान वस्तू म्हणून कोणीतरी ती ट्रॉफीत ठेवली होती. शाळेला कपाटं भरपूर होती, पण कुलूप फक्त ट्रॉफींच्या कपाटाला होतं.

तोवर मी माझा उद्योग केला होता. ताईंच्या ड्रॉवरात जुन्या फ्लॉप्या होत्या. त्यातल्या एकीवर 'मानपत्र' असं लिहिलेलं दिसलं आणि जीव भांड्यात पडला. ताई नंबर घालून तो कप आणायला बाहेर गेल्या तशी मी फ्लॉपी घातली, पण उघडलं ते सगळं इंग्रजी अक्षरं, टोप्या आणि डॉलरची चिन्हं. मी ते तसंच पडद्यावर ठेवून वाकून बघत बसलो आणि ताई कप घेऊन आत आल्या.

त्यांनी मला बाजूला केलं. सीडी घातली, वही उघडी ठेवून एकेक पायरी केली, दोनदा मशीन बंद करून चालू केलं. मग तीच फाइल पुन्हा उघडली. पडद्यावर स्वच्छ मराठीत आलं, 'आपली मृदू वाणी, आपला मनमिळाऊ स्वभाव.'

"ही हवी होती होय तुम्हाला?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. ताईंनी फ्लॉपी काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "बसा इथे," म्हणाल्या. "मी प्रिंटर बघते. तुम्ही लिहा."

मी लिहायला बसलो आणि लक्षात आलं, अकरा वर्षं या बाईंच्या टेबलावरचं फूल मी उचलून नेत होतो आणि मला त्यांच्याबद्दल एक वाक्य लिहिता येत नव्हतं. तीन दिवस मी तासिका संपली की त्यांच्या शेजारी बसायचो. त्या टेबलाखाली वायरी शोधता शोधता बोलायच्या, मी टिपून घ्यायचो. टाइप मीच केलं, एका बोटाने. स्वतःचं कौतुक स्वतः टाइप करायला त्यांनी साफ नकार दिला होता.

'दुसऱ्या दिवशी आखातात निघालेल्या माजी विद्यार्थ्याला शाळा सुटल्यावर कुलूप उघडून आपण हाताने दाखला लिहून दिलात. आपल्या वाडीतला सोनचाफा रोज सकाळी आमच्या टेबलांवर ठेवलात. सगळं बंद पडलं तेव्हा आपली वही उघडी होती.' असं ते मानपत्र. प्रिंटरने मात्रा न कापता ते छापलं, तेव्हा ताईंनी कागद हातात धरून उभ्याउभ्या दोनदा वाचला. डोळे पुसले.

"फाइल काढून टाका हं सर. नाहीतर उद्या कोणाला तरी चिकटवाल."

"काढतो," मी म्हणालो.

काढली नाही. बॅकअप नसल्याने काय होतं ते नुकतंच पाहिलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी चांगलं लिहिलं होतं आणि ते पुसायला हात होईना. तीन ठिकाणी ठेवली. सगळ्यांना सापडेल अशी.

ताईंच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी चित्रकलेचे सर निवृत्त झाले. ते राहायला नालासोपाऱ्याला, चौथ्या मजल्यावर. त्यांच्या वाडीतला सोनचाफा सभागृहात वाचला गेला आणि लोक गहिवरले. मी उठून काही बोलायला हवं होतं. पण शेजारचे म्हणाले, "काय सुंदर लिहिलंय!" आणि मी गप्प बसलो.

मग माझी पाळी आली. स्टेजवर शाल अंगावर घेऊन बसलो. मुख्याध्यापकांनी घसा खाकरून वाचायला घेतलं. मी आखातात निघालेल्या मुलाला दाखला दिला होता. मी रोज चाफा आणला होता. माझी वही उघडी होती. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत ताई बसल्या होत्या, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

कार्यक्रम संपल्यावर त्या पुढे आल्या. केळीच्या पानाची पुडी माझ्या हातात दिली. उघडली नाही तरी वासावरून कळलं.

"घ्या सर. तुम्हाला रोज लागतात ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, चुकलंच माझं," एवढं कसंबसं म्हणालो.

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "माझं आपलं हॉलमध्ये लावलंय, आल्यागेल्याला वाचून दाखवत होते. आज घरी गेले की उतरवते."