खालसा, जप्त नव्हे

आमचं इनामाचं गाव सरकारजमा झालं, पण थोरल्या काकांनी ते कधी ‘जप्त’ होऊ दिलं नाही. “जप्ती दिवाळखोराची होते,” ते म्हणत, “आपलं गाव खालसा झालं.” मग येणाऱ्याजाणाऱ्याला व्युत्पत्ती ऐकावी लागे: शब्द मूळचा अरबी, अर्थ शुद्ध, निर्भेळ, मध्ये इनामदार नाही, जमीन थेट सरकारची. जणू गाव गेलं नव्हतं, गंगेत न्हाऊन आलं होतं. आमच्या पूर्वजांना ते मिळालं तेव्हाही कुणाचं तरी खालसा करूनच मिळालं असणार. त्या माणसाची काकांनी कधी आठवण काढली नाही.

संस्थान विलीन झालं, मध्य भारत हे नवं राज्य झालं आणि पाठोपाठ इनामं गेली. कायद्यात एक सवलत होती: जी जमीन तुम्ही स्वतः कसता, म्हणजे खुदकाश्त, ती तुमची राहील. माझ्या विधवा आत्यानं विहिरीजवळचा एक तुकडा गडी लावून, स्वतः बांधावर उभी राहून पिकवला होता. तिला तेवढाच आधार.

चौकशीला कारकून शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आला. “खुदकाश्त कितनी है?”

काकांनी पगडी सावरली. “हमारे खानदान में सात पीढ़ी से किसी ने हल को हाथ नहीं लगाया.”

आत्या दाराआड उभी होती, तिच्याशेजारी मी. ती म्हणाली, “दादा, विहिरीजवळचा तुकडा...” काकांनी नुसतं वळून पाहिलं. कारकुनानं शून्य मांडलं, चहा प्यायला आणि गेला. अब्रू राखली म्हणून काका दिवसभर खुशीत होते. त्या खुशीचा मला आजही संताप येतो.

आत्या मग बाडा चौकामागच्या दोन घरी स्वयंपाकाला जाऊ लागली. आता त्या अब्रूचं काय, हे काकांनी विचारलं नाही. घर तिच्याच कमाईवर चालत होतं ना.

दसऱ्याला काका अंगरखा घालून महाराजांच्या अजून भरणाऱ्या दरबाराला जाऊन आले, पाहुण्यांसह पानावर बसले आणि ‘खालसा’चा अर्थ पुन्हा सांगू लागले. आत्या पुऱ्या वाढत होती. ती म्हणाली, “दादा, या पानावरचं सगळं मी लोकांच्या चुलीपुढे उभं राहून मिळवलंय. एवढीच खुदकाश्त उरलीय आपली. तीही नाही म्हणून सांगायची असेल तर पानावरून उठा.”

पाहुण्यांचे हात थांबले. काका उठले नाहीत. त्यांनी आणखी एक पुरी मागितली.